पोविसचा स्तंभलेख

वेल्स देशाच्या ईशान्य कोपऱ्यांत, लांगोलेन गांवापासून थोड्याच अंतरावर, एका चिंचोळ्या दरींत एक वाटोळा उंचवटा आहे आणि त्यावर एक मोडका दगडी खांब उभा आहे. (लांगोलेन हें नांव मीं लिहिलें तसें तेथील लोक उच्चारीत नाहींत, त्यांतील पहिला वर्ण देवनागरींत नाहीं आणि आपल्या जिभेलाहि सहसा साधत नाहीं.) खांब सुमारें आठ फूट उंच, खालीं गोल, वर चौकोनी होत गेलेला. एके काळीं त्याच्या माथ्यावर क्रूस होता, तो आतां नाहीं. जवळच १२०१ सालीं स्थापन झालेल्या एका मठाचे भव्य अवशेष आहेत. त्या मठाला ‘क्रूसाची दरी’ अशा अर्थाचें जें लॅटिन नांव मिळालें तें या खांबावरूनच. म्हणजे मठ बांधणाऱ्यांच्या काळींहि तो खांब जुनाच होता. खांबावर एक लांबलचक लेख कोरलेला होता. आज तो वाचतां येत नाहीं. असें असूनहि पोविस नांवाच्या एका लहानशा राज्यानें स्वतःविषयीं स्वतःच्या तोंडानें जें कांहीं सांगितलें, तें जवळ जवळ सारें या एका दगडावर होतें. बाकीची हकीकत शत्रूंनीं लिहिली, शेजाऱ्यांनीं लिहिली, किंवा मागाहून कवींनीं रचली.

लेख वाचतां येत नसतां त्यांतील मजकूर आपणांस कसा कळला, हें आधीं सांगितलें पाहिजे. सतराव्या शतकांत इंग्लंडांत राजा व पार्लमेंट यांच्यामध्यें यादवी माजली, त्या धामधुमींत हा खांब पाडला गेला. क्रूस म्हणजे मूर्तिपूजा असें मानणाऱ्या पार्लमेंटपक्षाच्या शिपायांचें तें काम, असें सांगतात. तो भग्न होऊन पडला असतां १६९६ सालीं एडवर्ड लुइड नांवाचा विद्वान तेथें आला. हा ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख. वनस्पति, जीवाश्म, भाषा, शिलालेख, यांपैकीं कोणताच विषय त्यानें सोडला नव्हता. झिजलेल्या दगडावरून त्यानें एकतीस ओळींची नक्कल करून घेतली. कांहीं शब्द त्याला लागले नाहींत, कांहीं ठिकाणीं अक्षरेंच गेलेलीं होतीं. पुढें मूळ लेख नाहींसा झाला आणि नक्कल राहिली. स्तंभाला ‘एलिसेगचा स्तंभ’ म्हणतात, त्यांतील ‘एलिसेग’ हेंसुद्धां चुकीचेंच. खरें नांव एलिसेद. ही चूक मूळ कोरणाऱ्याची कीं लुइडच्या डोळ्यांची, याचा निकाल आतां तो दगड देऊं शकत नाहीं.

लेखांत असें आहे कीं, कंगेन हा कादेलचा मुलगा, कादेल ब्रोखवेलचा, ब्रोखवेल एलिसेदचा आणि एलिसेद ग्विलोगचा. पणतू कंगेन यानें आपला पणजोबा एलिसेद याच्याकरितां हा दगड उभा केला. या एलिसेदानें पोविसचा वारसा इंग्रजांच्या हातांतून तरवारीनें व अग्नीनें परत मिळविला. जो कोणी हा लेख वाचून दाखवील त्यानें एलिसेदाच्या आत्म्यास आशीर्वाद द्यावा. पुढें कंगेनच्या स्वतःच्या पराक्रमाचा मजकूर आहे, पण तो तुटक. मग लेख एकदम चारपांचशें वर्षें मागें उडी घेतो आणि राजवंशाचें मूळ सांगतो. त्याचा विचार पुढें करूं. शेवटीं, राजाच्या आज्ञेवरून कॉनमार्क नांवाच्या लेखकानें हें लिहिलें अशी नोंद, आणि कंगेनवर, त्याच्या घराण्यावर व पोविसच्या साऱ्या मुलखावर न्यायाच्या दिवसापर्यंत ईश्वराचा आशीर्वाद असावा अशी प्रार्थना.

वाचतांना असें वाटतें कीं, हा एखाद्या विजयी राजाचा कीर्तिस्तंभ आहे. आमच्या मतें तो तसा नव्हे. तो काय आहे हें कळण्यास त्या राज्याची पूर्वपीठिका पाहणें जरूर आहे.

रोमन लोकांनीं इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटन सोडलें, तेव्हां आजच्या वेल्सच्या पूर्व सीमेवर सेव्हर्न नदीकांठीं व्हिरोकोनियम नांवाचें मोठें शहर होतें. रोमन ब्रिटनमध्यें विस्तारानें तें चौथें. आज तेथें रॉक्सेटर नांवाचें खेडें व शेतें आहेत. रोमन गेले कीं सारी नागरी वस्ती एका रात्रींत ओस पडली, अशी पूर्वीच्या इतिहासकारांची समजूत असे. परंतु फिलिप बार्कर यांनीं १९६६ पासून १९९० पर्यंत येथें अत्यंत सावकाशीनें, एकेक खडा तपासून, जें उत्खनन केलें, त्यावरून असें दिसून आलें कीं, रोमन इमारती पडल्यानंतरहि लोकांनीं त्यांच्या राडारोड्याचे चौथरे रचून त्यांवर लांकडी घरें उभारलीं, आणि हा उद्योग पुष्कळ काळ चालू होता. १९६७ सालीं त्याच ठिकाणीं कुनोरिक्स अशा आयरिश नांवाच्या एका पुरुषाचा पांचव्या शतकांतील स्मृतिदगडहि सांपडला. पोविस या नांवाचीच व्युत्पत्ति विद्वान लोक लॅटिनमधील ‘ग्रामीण मुलखांतील लोक’ अशा अर्थाच्या शब्दापासून लावतात. तेव्हां शहराचें तेज ओसरल्यावर भोवतालच्या खेड्यांनीं जें राज्य सांवरून धरलें तें पोविस, असें म्हणण्यास हरकत नाहीं. सेव्हर्न व डी या दोन नद्यांचीं वरचीं खोरीं, पूर्वेस सुपीक सपाट जमीन आणि पश्चिमेस डोंगर, अशी त्याची रचना होती. सुपीक जमीन पूर्वेस असणें आणि बलाढ्य शत्रूनेंहि पूर्वेकडूनच येणें, हें या राज्याचें दैव.

पोविसवरील पहिल्या मोठ्या संकटाची हकीकत बीड या इंग्रज भिक्षूनें इ. स. ७३१ मध्यें पुऱ्या केलेल्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. डी नदीच्या कांठीं बँगोर येथें ब्रिटन लोकांचा एक प्रचंड मठ होता. मठवासीयांचे सात विभाग केले तरी एकेकांत तीनशेंहून कमी माणसें नसत, आणि सर्वजण स्वतःच्या कष्टावर निर्वाह करीत, असें बीड सांगतो. रोमच्या पोपनें इंग्रजांस ख्रिस्ती करण्याकरितां पाठविलेला ऑगस्टिन हा ब्रिटन लोकांच्या धर्मगुरूंस भेटावयास आला, तेव्हां या मठांतील पंडितहि त्या सभेस निघाले. ब्रिटन लोक ख्रिस्ती होतेच, पण ईस्टरचा दिवस ठरविण्याची त्यांची रीति वेगळी होती; ती सोडून रोमची रीति घ्यावी असा ऑगस्टिनचा आग्रह. जाण्यापूर्वीं ते एका वैराग्यशील साधूकडे सल्ला विचारावयास गेले. साधु म्हणाला कीं, हा मनुष्य नम्र असेल तर तो ईश्वराचा समजावा. नम्र आहे हें ओळखावें कसें, असें विचारतां त्यानें युक्ति सांगितली: त्याला सभेच्या जागीं आधीं पोंचूं द्यावें, आपण आल्यावर तो उठून उभा राहिला तर त्याचें ऐकावें, बसूनच राहिला तर त्याची पर्वा करूं नये. ऑगस्टिन खुर्चीवर बसून राहिला. बोलणें तेथेंच फिसकटलें. बंधूंशीं सलोखा नको असेल तर शत्रूंशीं युद्ध पत्करावें लागेल, असें ऑगस्टिन बोलून गेला.

पुढें इ. स. ६१६ च्या सुमारास नॉर्थंब्रियाचा मूर्तिपूजक राजा एथेलफ्रिथ हा चेस्टरवर चालून आला. बँगोरचे पुष्कळसे भिक्षु तीन दिवस उपवास करून रणांगणाच्या एका बाजूस प्रार्थना करीत उभे होते. हे कोण, असें राजानें विचारलें. आणि कळतांच त्याचें म्हणणें असें पडलें कीं, हातांत शस्त्र नसलें तरी जे आपल्याविरुद्ध देवाचा धांवा करतात तेहि आपल्याशीं लढतच आहेत. त्यानें पहिला हल्ला त्यांच्यावरच केला. सुमारें बाराशें मारले गेले आणि पन्नास पळून वांचले. ज्या ब्रोखवेल नांवाच्या सरदाराकडे त्यांचें रक्षण सोंपविलेलें होतें तो पहिल्याच धडाक्याला पळाला. त्याच लढाईंत कनानचा मुलगा सेलिव हा राजा पडला. जुन्या वंशावळ्या त्याला पोविसच्या घराण्यांत घालतात. बीड स्वतः भिक्षु. पण बाराशें निःशस्त्र भिक्षूंच्या कत्तलीवर त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघत नाहीं. ऑगस्टिनची वाणी खरी झाली एवढेंच तो समाधानानें नमूद करतो. थोर इतिहासकाराचें मनसुद्धां आपल्या पक्षाच्या कुंपणाबाहेर कसें पाहूं शकत नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण मला आठवत नाहीं. चेस्टरच्या दक्षिणेस हेरनब्रिज येथें २००४ सालीं झालेल्या उत्खननांत ओळीनें पुरलेल्या पुरुषांचे सांगाडे निघाले. कवट्यांवर तरवारीचे घाव होते, आणि हाडांचा काळ सातव्या शतकाच्या आरंभाशीं जुळला. तीं या लढाईंतीलच माणसें असावींत, असा संशोधकांचा अभिप्राय आहे.

सातव्या शतकांत पूर्वेकडील सपाटीचा मुलूख हातचा गेला. त्याची स्मृति एका काव्यमालिकेंत राहिली आहे. कंदलान नांवाचा राजा, त्याचे भाऊ, त्याचा पेंग्वेर्न येथील वाडा, सारें एका हल्ल्यांत नष्ट झालें. मागें राहिली ती हेलेद ही एकटी बहीण. दिवा नाहीं, विस्तव नाहीं अशा रात्रींच्या वाड्याकडे ती पाहते, मृतांच्या मांसाला चटावलेल्या गरुडाची ओरड ऐकते, आणि हा घात आपल्याच जिभेच्या दोषामुळें झाला असें म्हणते. तो दोष कोणता, हें काव्यांत नाहीं. हीं काव्यें चौदाव्या शतकाच्या अखेरच्या एका हस्तलिखितांत मिळतात. आयफर विल्यम्स या पंडितानें १९३५ सालीं त्यांची चिकित्सक आवृत्ति काढली आणि असें प्रतिपादिलें कीं, गोष्ट सातव्या शतकाची असली तरी हा शोक नवव्या शतकांतील पोविसचा आहे. स्वतःचें राज्य बुडत असतां कवीनें दोनशें वर्षांपूर्वींच्या बुडालेल्या वाड्यावर अश्रु ढाळले. काव्यांचा काळ याहून अलीकडे ओढणारेहि अभ्यासक आहेत. पण हें मत एकदां वाचल्यावर तीं काव्यें दुसऱ्या कोणत्या काळांत ठेवून पाहणें कठीण जातें.

आठव्या शतकांत पूर्वेस मर्सिया हें इंग्रजांचें राज्य प्रबळ झालें. लेखांतील एलिसेद याच शतकाच्या मध्यास होऊन गेला, आणि गेलेला मुलूख त्यानें परत घेतला असें त्याचा पणतू सांगतो. पणतवाच्या साक्षीला दुजोरा कोठून आणावा? एक साक्षीदार आहे, आणि तो शत्रुपक्षाचा. मर्सियाचा राजा ऑफा (७५७ ते ७९६) यानें वेल्सच्या सीमेवर मातीचा एक अजस्र बांध घातला. समुद्रापासून समुद्रापर्यंत, असें असर नांवाच्या वेल्श चरित्रकारानें ८९३ सालीं लिहिलें, आणि तीच समजूत रूढ झाली. डेव्हिड हिल व मार्गारेट वर्दिंग्टन यांनीं बांधाची अनेक वर्षें पाहणी करून २००३ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, ज्याविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं असा सलग बांध ६४ मैलांचाच आहे, आणि तो नेमका पोविसच्या अंगावर येतो. सिरिल फॉक्स यांस हा बांध दोन्ही पक्षांनीं मान्य केलेली सीमारेषा वाटे. आम्हांस तें पटत नाहीं. पश्चिमेकडे खंदक आणि त्याच्या आंत उंच भिंत, अशी सीमा कोणी समजुतीनें आंखीत नाहीं. चौसष्ट मैल माती उपसण्याची पाळी ज्याच्यामुळें आली, तो शेजारी सामान्य नसला पाहिजे. एवढ्यापुरती पणतवाची साक्ष खरी धरावी.

परंतु बांध पडला तो पडला. ८०८ सालीं कादेल वारला, आणि गादी कंगेनला मिळाली. ८२२ सालच्या नोंदींत वेल्श बखरकार लिहितो कीं, सॅक्सनांनीं देगानवीचा किल्ला पाडला आणि पोविसचा मुलूख आपल्या सत्तेखालीं घेतला. कंगेनच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या राजवटींतील नक्की अशा घटना म्हटल्या म्हणजे हा पराभव आणि त्याचा स्वतःचा मृत्यु. ज्या राजानें पणजोबाच्या पराक्रमाचा स्तंभ उभारला, त्याच्या पदरीं हें होतें.

आतां लेखांतील वंशकथेकडे वळूं. ३८३ सालीं ब्रिटनमधील रोमन फौजेनें मॅग्नस मॅक्सिमस या सेनापतीला सम्राट् म्हणून पुकारलें. त्याच्या पक्षानें ग्रेशन बादशहास ठार केलें आणि पांच वर्षांनीं मॅक्सिमसचाहि शिरच्छेद झाला. या मॅक्सिमसची मुलगी सेव्हिरा. तिचा नवरा वॉर्टिगर्न. त्यांचा मुलगा ब्रिटू, ज्याला संत जर्मेनसनें आशीर्वाद दिला. आणि त्याच्यापासून पोविसचे राजे, असें स्तंभ सांगतो. म्हणजे एका बाजूनें रोमची बादशाही, दुसऱ्या बाजूनें ब्रिटनचा जुना अधिपति, आणि वर संताचा वरदहस्त.

पण वॉर्टिगर्न हें नांव ब्रिटन लोकांत निंद्य झालेलें होतें. सॅक्सनांना भाडोत्री शिपाई म्हणून देशांत बोलावून घेणारा तोच, अशी सार्वत्रिक समजूत. ८२९-३० च्या सुमारास, म्हणजे कंगेन गादीवर असतांनाच, पश्चिमेकडील ग्विनेद राज्यांत ब्रिटन लोकांचा एक लॅटिन इतिहास लिहिला गेला. त्यांत वॉर्टिगर्न हा देशद्रोही आणि स्वतःच्या मुलीशीं पापाचरण करणारा म्हणून रंगविला आहे; संत जर्मेनस त्याच्या पाठीस लागतो आणि आकाशांतून अग्नि पडून तो किल्ल्यासह जळून जातो. त्याचे वंशज ग्रंथकार दुसऱ्याच एका लहान मुलखांत नेऊन बसवितो, आणि पोविसच्या राजांना निराळाच मूळपुरुष देतो. बेनली नांवाच्या एका जुलमी राजाच्या दारीं जर्मेनस आला असतां राजानें त्याला आंत घेतलें नाहीं. परंतु राजाच्या कादेल नांवाच्या एका गरीब चाकरानें त्याला आपल्या झोंपडींत नेलें आणि घरांत एक गाय व वासरूं होतें, त्यांतलें वासरूं कापून त्याचें आतिथ्य केलें. वासराचें एकहि हाड मोडूं नका, असें संतानें बजावलें; सकाळीं वासरूं गाईजवळ जिवंत उभें! रात्रीं बेनलीचा किल्ला जळाला, आणि संताच्या वरानें तो चाकर राजा झाला. पोविसचे सारे राजे त्याचे वंशज.

कथा गोड आहे, आणि तिच्यांतील खोंच तितकीच तीक्ष्ण आहे. पोविसचें राजघराणें हें बादशहाच्या नातवाचें नसून एका चाकराचें. हा ग्रंथ ज्या ग्विनेदांत लिहिला गेला, तेथें तेव्हां मेर्विन राज्य करीत होता, आणि मेर्विनचा मुलगा रोद्री यानेंच पुढें पोविस गिळलें, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे दोन वंशकथांमधील तफावत केवळ ऐकीव माहितीच्या घोटाळ्याची वाटत नाहीं. वतनाच्या तंट्यांत दोन्ही पक्षांकडून दाखल झालेल्या कैफियती ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. कंगेनचा स्तंभ ही अशीच एक कैफियत होय. शत्रु पूर्वेस इंग्रज; त्यांना सांगावयाचें कीं, हा मुलूख पणजोबानें तरवारीनें सोडविलेला आहे. दुसरा प्रतिपक्षी पश्चिमेस, आपल्याच भाषेचा. त्याला सांगावयाचें कीं, आमचें कूळ चाकराचें नव्हे. ज्या नांवाला सारा देश शिव्या देतो तें वॉर्टिगर्नचें नांव कंगेननें लपविलें नाहीं, उघड दगडावर घातलें, याचें मात्र मला कौतुक वाटतें.

लेख वाचून दाखविण्याची विनंति त्यांत आहे, याचा अर्थ तो लोकसमूहासमोर वाचला जावा अशी अपेक्षा होती. राज्यारोहण किंवा पंचायत अशा प्रसंगीं लोक येथें जमत असावेत, असें या लेखाचा अलीकडे बारकाईनें अभ्यास करणाऱ्या नॅन्सी एडवर्ड्स यांस वाटतें. जागाहि तशीच निवडलेली आहे. २०१० ते २०१२ या काळांत बँगोर व चेस्टर येथील विद्यापीठांनीं उंचवटा खणून पाहिला, तेव्हां तो कांस्ययुगाच्या आरंभींचा दगडांचा थडगेवजा ढीग निघाला; म्हणजे कंगेननें आपला खांब त्याच्याहि काळीं अडीच हजार वर्षांच्या असलेल्या समाधीवर रोंवला. आणखी एक गोष्ट चित्ताला टोंचणी लावते. गोल बुंध्याचा असा क्रूसस्तंभ वेल्समध्यें इतरत्र आढळत नाहीं. ती तऱ्हा मर्सियाची. इंग्रजांपासून मुलूख सोडविल्याची द्वाही फिरविण्यास कंगेनला दगड मिळाला तो इंग्रजी घाटाचा.

शेवट लवकरच आला. ८५३ सालीं मर्सियाचा राजा बर्ग्रेड यानें वेसेक्सच्या राजाची मदत घेऊन वेल्स लोकांवर स्वारी केली आणि त्यांना नमविलें. ८५४ च्या सुमारास कंगेन रोममध्यें मरण पावला. म्हातारपणीं राज्य टाकून तो यात्रेला गेला कीं राज्यच उरलें नाहीं म्हणून गेला, हें बखरीच्या एका ओळींत मावलेलें नाहीं. पोविस रोद्रीकडे गेलें. आधार म्हणून कंगेनची बहीण नेस्ट हिचें नातें पुढें करण्यांत आलें. ती रोद्रीची आई होती कीं आजी, याविषयीं वंशावळ्यांत एकवाक्यता नाहीं. दावा मात्र मंजूर झाला. बर्ग्रेडलाहि पुढें ८७४ सालीं डेन लोकांनीं हांकून लावलें. तोहि रोमला गेला आणि तेथेंच वारला.

पोविसचें नांव त्यानंतर अनेकवार वर आलें. अकराव्या शतकांत नवें राजघराणें उभें राहिलें. तेराव्यांत त्याच्याच एका शाखेनें पोविसचा प्रसिद्ध किल्ला बांधला. रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलानें त्या किल्ल्याच्या घराण्यांत लग्न केलें. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें तेव्हां हाच मद्रासचा गव्हर्नर होता. त्यामुळें टिपू सुलतानाचा तंबू आणि त्याच्या सिंहासनावरील सोन्याचें एक वाघमुख आज त्या डोंगरी मुलखांत पाहावयास मिळतें. १७७९ सालीं लॉइड नांवाच्या स्थानिक जमीनदारानें पडलेला खांब पुन्हां उभा केला आणि त्यावर आपलाहि एक लॅटिन लेख कोरविला. १९७४ मध्यें वेल्समधील तीन जुने जिल्हे एकत्र करून नवा मोठा जिल्हा बनविण्यांत आला, तेव्हां त्याला पोविस हेंच नांव दिलें. त्या जिल्ह्याचा दक्षिण भाग प्राचीन काळीं दुसऱ्याच एका राज्याचा होता. आणि कंगेनचा स्तंभ ज्या दरींत उभा आहे ती दरी मात्र त्या जिल्ह्याच्या हद्दीबाहेर राहिली आहे.